शहरातलं सर्वांत शांत घर

अहवालात एकच ठिपका लाल होता. बाकीचे हिरवे, थोडे पिवळे, आणि तळाशी हा एकटा, डोळे आल्यासारखा.

"हा कशाचा?" आयुक्तांनी पेन्सिल त्या ठिपक्यावर टेकवून विचारलं.

समोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यानं काहीतरी उत्तर दिलं.

"काय?"

"आवाजाचा, सर."

"मग तुमचा कुठे गेला? जरा मोठ्यानं बोला की!"

महापालिकेत या अधिकाऱ्याला सगळे हळूसाहेब म्हणत. अगदी तोंडावरसुद्धा म्हणत, कारण त्यांनी हरकत घेतली असती तरी ती कुणाला ऐकू आली नसती. शहर राहण्याजोगं आणि टिकाऊ व्हावं म्हणून जी उद्दिष्टं ठरली होती, त्यांच्या दिशेनं आपण किती पुढे सरकलो हे महापालिकेला दरवर्षी वरच्या समितीला कळवावं लागे. पाण्याचा ठिपका हिरवा होता. कचऱ्याचा पिवळा होता. झाडांचा हिरवा होता, पण त्यात महापालिकेपेक्षा झाडांचाच हात जास्त असावा. आवाजाचं खातं हळूसाहेबांकडे होतं, आणि तेवढंच लाल होतं.

"पुढच्या आठवड्यात समिती स्वतः येतेय," आयुक्त म्हणाले. "तोवर हा हिरवा पाहिजे. तुमच्या आधी हे काम बघणारे गृहस्थ सध्या कुठे आहेत, माहितेय ना?"

हळूसाहेबांना माहीत होतं. ते सांडपाण्याच्या पंपघरात होते. मध्यंतरी एकदा सहीसाठी कचेरीत आले होते, तेव्हा लोकांनी त्यांना मोठ्या प्रेमानं खिडकीजवळची खुर्ची दिली होती आणि खिडकी सताड उघडली होती.

शहरासाठी आवाज मोजणारी यंत्रं भरपूर मागवली होती. त्यातलं एक आलं. ते एका गल्लीतल्या खांबावर बसवलं होतं, आणि तिथे जो आवाज व्हायचा तो शहराचा आवाज, असं अहवालात धरलं जायचं.

"तीच गल्ली का निवडली?" हळूसाहेबांनी वायरमनला विचारलं.

"निवडली कुठं, साहेब? तिथं खांब होता आणि वायर पुरली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं त्या गल्लीत गेले. गल्ली चांगली शांत होती. एका बाजूला शिंप्याचं दुकान होतं, पायरीवर मांजर झोपलं होतं. खांबावरच्या यंत्राच्या पाटीत हिरवा दिवा मंद जळत होता. हळूसाहेब बुचकळ्यात पडले. इथे कोण आवाज करणार?

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची खिडकी गरजली.

"अगं ए! माझा टॉवेल कुठाय?"

मांजर उठून निघून गेलं. पाटीतला दिवा पिवळ्यावर न थांबता थेट लाल झाला.

"जिथं टाकलात तिथं!" आतून तितकंच खणखणीत उत्तर आलं. "मी काय तुमच्या टॉवेलची राखण करत बसलेय?"

शिंप्यानं वर न बघता दुकानाची पहिली फळी काढली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नवल नव्हतं.

वर एक निवृत्त कवायत मास्तर राहत होते. त्यांचं सगळं आयुष्य उघड्या मैदानावर, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं हुकूम देण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर मैदान सुटलं, आवाज तेवढा घरी आला. मास्तरीणबाई लग्न होऊन आल्या तेव्हा हळू बोलायच्या म्हणे. पण ही गोष्ट त्यांच्या माहेरच्यांशिवाय कुणाला आठवत नव्हती.

दोघं वर गेले आणि हळूसाहेबांनी आपलं म्हणणं मांडलं.

"काय?" मास्तर म्हणाले. "पोटातनं बोला हो, पोटातनं! घशातनं नको."

शेवटी वायरमननं सगळं समजावून सांगितलं. मास्तर ऐकत गेले तसे त्यांची छाती फुगत गेली.

"म्हणजे शहराचा आवाज म्हणून वर जातो, तो माझा?"

"आमचा म्हणा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि म्हणून मी सांगत असते, हळू बोला!"

"तू? तू कधी सांगितलंस?"

"रोज सांगते! ओरडून सांगते!"

बाहेर पाटी लाल होऊन बसली. हळूसाहेबांनी खिडकीतून तिच्याकडे बघितलं आणि हात जोडले. पंपघराचं नाव काढलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून मास्तर विरघळले.

"समिती जाईपर्यंत ना? ठरलं. घरात एक शब्द होणार नाही. हुकूम म्हणजे हुकूम."

आणि मास्तरांनी शब्द पाळला. दोघांनी खुणांवर कारभार चालवायचं ठरवलं. मास्तरांना खुणा येत होत्या, पण त्या सगळ्या कवायतीच्या. टॉवेल हवा म्हणून त्यांनी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत ताणले, तर बाईंनी त्यांना हँगरला लावलेला शर्ट आणून दिला. चहा हवा म्हणून त्यांनी जागच्या जागी पाय आपटले, तर त्यांना चप्पल मिळाली. पण तोंडातून कुणी ब्र काढला नाही. पाटी पिवळी झाली, मग हिरवी झाली. हळूसाहेबांनी कचेरीत आपल्या खर्चानं सगळ्यांना चहा पाजला. तो कशाबद्दल होता हे त्यांनी सांगितलं, पण कुणाला नीट ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आयुक्तांचा फोन आला. "अहो, हा आकडा काय आहे? एवढा तर आजवर कधीच नव्हता!"

हळूसाहेब वायरमनला घेऊन धावत गल्लीत पोचले. मास्तरांच्या खिडकीखाली अख्खी गल्ली जमली होती.

"मास्तर! अहो मास्तर! ओ द्या!" शिंपी बोंबलत होता. हळूसाहेबांना बघून तो त्यांच्याकडे वळला. "साहेब, टॉवेलची हाक आली की मी दुकान उघडतो. गेले दोन दिवस हाकच नाही. गिऱ्हाइकं येऊन परत गेली!"

"तुझ्या दुकानाचं काय घेऊन बसलास!" तळमजल्यावरच्या मावशी म्हणाल्या. "ती वरनं 'गोळी घेतलीत का' म्हणून ओरडते, तेव्हा मी माझी गोळी घेते. दोन दिवस माझं प्रेशर वर गेलंय, ते कोण बघणार?"

"भांडण झालं असेल दोघांचं," कुणीतरी म्हणालं.

"भांडण झालं असतं तर कळलं नसतं का?" मावशींनी त्याला झापलं. "भांडण नाही म्हणूनच तर काळजी!"

वर खिडकीत मास्तर आणि मास्तरीणबाई उभे होते. दोघंही ओठांवर बोट ठेवून, दुसऱ्या हातानं कळवळून पाटीकडे दाखवत होते. खालच्या मंडळींनी त्याचा अर्थ एकच काढला.

"वाचा गेली! दोघांचीही एकदम वाचा गेली!"

कुणीतरी आधीच फोन केला होता. ॲम्ब्युलन्स भोंगा वाजवत गल्लीत शिरली. गल्ली अरुंद, त्यात एक रिक्षा आडवी, म्हणून भोंग्याच्या जोडीला हॉर्न सुरू झाला. पाटीवरचे आकडे असे काही चढले की वायरमन कौतुकानं बघत राहिला. "एवढं जातं हे माहीतच नव्हतं, साहेब."

मग मास्तरांचा धीर सुटला.

"साव...धान!"

गल्ली जागच्या जागी ताठ झाली. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं भोंगा बंद केला. शिंप्यानं नकळत टाचा जुळवल्या.

"आम्ही ठणठणीत आहोत," मास्तर म्हणाले. "मावशी, गोळी घ्या. शिंपीबुवा, दुकान उघडा. आणि साहेब, माफ करा. मैदानावर ऊन सोसलं, पाऊस सोसला, पण हे नाही जमत."

मास्तरीणबाई खाली आल्या. हळूसाहेबांचं तोंड इतकं उतरलं होतं की त्यांना राहवलं नाही.

"वाईट वाटून घेऊ नका हो. तुमच्या घरी कसं असतं?"

"शांत असतं," हळूसाहेब म्हणाले.

"म्हणजे कितपत?"

हळूसाहेबांनी विचार केला. "घड्याळाची टिकटिक ऐकू येते."

"अरेरे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

पण वायरमनचे डोळे चमकले. "साहेब! मग यंत्र तुमच्याच घरासमोर लावू की! खांब आहे ना तिथं?"

खांब होता. वायरही पुरली.

हळूसाहेबांच्या घरात बोलायला बंदी नव्हती. लग्नानंतर सुरुवातीची काही वर्षं बायको पुष्कळ बोलायची. त्यावर "हं" यायचं. कधी "बरं" यायचं. मग हळूहळू तीही कमी बोलू लागली आणि हळूसाहेबांना वाटलं, हिला शांतता आवडते. त्या संध्याकाळी तिनं खिडकीतून खांबाकडे बघितलं.

"ते काय लावलंय?"

"यंत्र."

"कसलं?"

"कामाचं."

"हं," ती म्हणाली आणि आत गेली.

समितीच्या दिवसापर्यंत पाटीतला दिवा इतका हिरवा होता की त्या उजेडात वाचता आलं असतं. आयुक्तांनी हळूसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. असं आधी कधी झालं नव्हतं.

समितीच्या अध्यक्षबाई चष्मा गळ्यात अडकवलेल्या, कामाला चोख अशा होत्या. त्यांनी पाणी पाहिलं, कचरा पाहिला, आणि संध्याकाळी सगळा लवाजमा हळूसाहेबांच्या गल्लीत आला. पाटी हिरवी होती. आयुक्त प्रसन्न होते. मागे वायरमन स्वतःच यंत्र शोधून काढल्यासारखा उभा होता.

एवढी माणसं दारात बघून हळूसाहेबांची बायको बाहेर आली.

"तुम्ही इथे राहता?" अध्यक्षबाईंनी तिला विचारलं. "भाग्यवान आहात. शहरात इतकी शांत जागा मी पाहिली नाही."

"हे आवाज मोजतं का?" तिनं खांबाकडे बघत विचारलं. "मग इथेच का लावलंय?"

हळूसाहेबांनी वायरमनकडे बघून मान हलवली. वायरमनला वाटलं, सांगायची परवानगी मिळाली.

"साहेबच म्हणाले, वहिनी! म्हणाले, आमच्याकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येते!"

बायकोनं हळूसाहेबांकडे बघितलं. दिवा अजून हिरवा होता.

"तुम्ही असं म्हणालात? चारचौघांत?"

"म्हणजे... हो."

"म्हणजे आपल्या घरात कुणी बोलत नाही, ही तुमच्या अहवालात दाखवायची गोष्ट झाली?" दिवा पिवळा झाला. "इतकी वर्षं मी भिंतीशी बोलतेय, आणि तुम्ही भिंतीला बक्षीस घ्यायला निघालात?"

"हळू," हळूसाहेब कुजबुजले. "दिवा..."

"जाऊ दे तो दिवा! गेल्या वर्षी मी बाहेरच्या खोलीतला पडदा बदलला. निळा काढला, पिवळा लावला. तुम्ही बघितलात तरी का?"

"बघितला."

"मग बोलला का नाहीत?"

आयुक्त पुढे झाले. "वहिनी, आपण आत बसून..."

हळूसाहेबांच्या पोटात काहीतरी हललं. मास्तर म्हणाले होते ते बहुधा हेच असावं.

"कारण मला निळाच आवडायचा!" ते म्हणाले. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. दिवा लाल झाला. "तो पिवळा मला एक दिवस आवडलेला नाही!"

"मग तेव्हाच सांगायचं!"

"तुला वाईट वाटलं असतं!"

"वाटू दे ना! मला तेच ऐकायचं होतं! काहीतरी ऐकायचं होतं!"

"मला वाटलं तुला शांत आवडतं!"

"मला?" तिचा आवाज चिरकला. "मला? मला वाटलं ते तुम्हाला आवडतं!"

दोघंही थांबले. तांबडा उजेड दोघांच्या तोंडावर पडला होता.

"हळूसाहेब, हळू!" आयुक्त दात आवळून म्हणाले. "अहो, समिती उभी आहे!"

"थांबा हो तुम्ही जरा!" हळूसाहेब गरजले. "आणि तो आमटीचा डाव, गं! तो मी मोडला होता, मोलकरणीनं नाही!"

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून पाटी वाचली, मग चष्मा उतरवून त्या दोघांना वाचलं, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्या वर्षी बाकी सगळ्या शहरांचे सगळे ठिपके हिरवे होते, आणि त्यांच्यावर समितीतल्या कुणाचाच विश्वास बसत नव्हता. एकाच शहराचा एकच ठिपका लाल राहिला. त्यापुढे शेरा होता, 'यंत्र चालू आहे याची खात्री करून घेतली.' त्याबद्दल शहराचं कौतुक झालं. आयुक्तांनी ते स्वीकारलं आणि परत आल्यावर हळूसाहेबांची बदली सांडपाण्याच्या पंपघरात केली.

पंपघरात वासाची सवय होते, असं हळूसाहेब सांगतात. पण तिथले पंप दिवसभर असे घरघरत असतात की शेजारच्याला वेळ विचारायची झाली तरी ओरडावं लागतं. पोटातून. महिन्याभरात त्यांचा आवाज तयार झाला. घरी निळा पडदा परत लागला आहे. त्यावरून अधूनमधून अजून वाद होतो, आणि पलीकडचा दुधवाला त्या सुमाराला दुकान बंद करतो.

यंत्र त्या खांबावरच राहून गेलं. ते कुणी काढलं नाही आणि त्याचे आकडेही आता कुणी विचारत नाही. संध्याकाळी हळूसाहेब गल्लीच्या तोंडाशी आले, की तिथूनच हाक देतात, "अगं, आलो गं!" मग वळून पाटीकडे बघतात. दिवा नुसताच पिवळा झाला असेल, तर पुन्हा एकदा हाक देतात.