न ढकलण्याचा हुकूम

माणूस मेला हे ठरवायला चार शेजारी पुरतात. सरकारी वस्तू मेली हे ठरवायला सरकार लागतं. हा फरक ज्याला कळला त्याला राज्यकारभार कळला. निजामीच्या अखेरच्या वर्षांत अंबड आणि परतूर यांच्या मधल्या एका कचेरीत मी नकला करायच्या कामावर होतो, तिथे हा कारभार मला जवळून पाहायला मिळाला. (कचेरीचं नाव सांगत नाही. त्या भागात मोटार एकच होती, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं.)

ही मोटार साहेबांना बंगल्यापासून कचेरीपर्यंत नेत असे. अंतर दोन फर्लांग. पायी गेले असते तर साहेब लवकर पोचले असते, पण मग ते साहेब आहेत हे लोकांना कोणी सांगायचं? अडचण एवढीच होती की मोटारीची बॅटरी बसली होती. बटन दाबलं की मोटार एकदा खाकरायची आणि गप्प व्हायची. अशा वेळी पुढून फिरवून मोटार चालू करायचं लोखंडी हँडल असतं. तेही होतं, पण आधीच्या साहेबांनी ते कचेरीच्या विहिरीच्या रहाटाला बसवलं होतं आणि तिथे ते फार चांगलं काम देत होतं.

म्हणून गावाबाहेरच्या धनगरवस्तीवरून रोज पहाटे आठ जण मोटार ढकलायला बोलावले जात. वेठ कायद्यानं कधीच बंद झालेली होती, तेव्हा ही वेठ नव्हे. दफ्तरात तिला 'रयतेचा जिव्हाळा' म्हणत. (जिव्हाळ्याला गैरहजर राहिल्यास दंड होता.) मोटार बहुधा कचेरीच्या फाटकाशी आल्यावर चालू व्हायची. मग साहेब उतरायचे आणि भुजंग ड्रायव्हर ती बंद करायचा.

या जिव्हाळ्यात रायभान सर्वांत पुढे, म्हणजे मोटारीच्या सर्वांत मागे असे. अंगानं दणकट, त्यामुळे त्याची पाळी कधी चुकत नसे. त्या वर्षी त्याच्या मेंढ्या व्यायला लागल्या आणि तो पेशकार दीनानाथरावांकडे आला. पेशकार म्हणजे साहेबांचा मुख्य कारकून. साहेब सही करत, विचार पेशकार करत.

"पेशकारसाब," रायभान म्हणाला, "पहाटच्याला लांडगं येऊन राह्यलं. मी इकडं मोटार ढकलून राह्यलो अन् तिकडं माही बायको कडूबाई एकलीच काठी घेऊन बसली. तीन कोकरं नेली. ती बॅटरी मेली असंल तं नवी बसवा ना."

"तुझं म्हणणं बिलकुल बराबर आहे," दीनानाथराव म्हणाले. "पण बॅटरी मेली हे कशावरून?"

"मोटार चालू व्हत न्हाई."

"काल कचेरीपर्यंत आल्ती का न्हाई?"

"आल्ती. आमी ढकलली."

"आल्ती ना? मंग झालं."

तरीही दीनानाथराव न्यायी गृहस्थ. त्यांनी तपासणी लावली. प्रथम कचेरीतल्या प्रत्येकानं भोंगा दाबून खात्री करून घेतली. दुपारपर्यंत तो वाजला, ही जिवंतपणाची खूण म्हणून नोंदली गेली. संध्याकाळी वाजेना, ती विश्रांती म्हणून. मोटारी जाणणारा कोणी जवळपास नव्हता, म्हणून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी बॅटरीच्या डोक्यावर चढलेली पांढरी बुरशी पाहिली, वास घेतला, आणि पोटात आम्ल वाढल्याचं निदान केलं. (निदान बरोबर होतं. पण आम्ल बॅटरीत मुळातच असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.) मोटारीबरोबर आलेल्या पुस्तकात 'शुद्ध पाणी घालावे' असं होतं. दीनानाथरावांनी सोवळं नेसून विहिरीचं पाणी काढलं, दुहेरी पंचातून गाळलं आणि स्वतःच्या हातानं घातलं. त्यानंतर बटन दाबलं तरी मोटार खाकरेना. खोकला गेला, म्हणजे गुण आला.

शेवटी आकडेवारी. महिन्याच्या कामकाजी दिवसांपैकी शेकडा शंभर दिवस मोटार कचेरीत पोचली होती. मेलेल्या बॅटरीकडून असं काम होत नाही, हे कोणीही कबूल करील.

रायभान कबूल करीना. "आमी ढकलत न्हाई त्या दिशी बघा ना साब," तो म्हणाला. साहेबांना ही कल्पना आवडली. गुरुवारी पहाटे कोणीही मोटार ढकलू नये असा हुकूम निघाला. चाचणीला पुरावा हवा, म्हणून न ढकलण्यासाठी आठही जणांनी मोटारीमागे हात पाठीशी बांधून हजर राहावं, असं खाली जोडलं.

"ढकलायचं न्हाई तं मी येऊन काय करू?" रायभाननं विचारलं. "तेवढीच एक पहाट मेंढ्यांपाशी बसतो."

"तू घरी बसलास तर ते गैरहजर राहणं झालं," दीनानाथरावांनी समजावलं. "न ढकलणं वेगळं."

गुरुवारी साहेब मोटारीत बसले. भुजंगनं बटन दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, दिवे लावून पाहिले, देवाचं नाव घेऊन पाहिलं. आठ जण हात मागे घेऊन उभे होते. रायभान मान वळवून वळवून वस्तीकडे बघत होता, पण चेहरा खुलला होता. सगळ्यांच्या देखत बॅटरी मेली होती. मलाही फार बरं वाटलं. उन्हं वर येईपर्यंत कोणी हललं नाही.

मग दीनानाथरावांनी अहवाल वाचून दाखवला. रयत ढकलते तेव्हा मोटार चालते, ढकलत नाही तेव्हा चालत नाही. बॅटरी दोन्ही वेळा तीच होती. सबब दोष बॅटरीत नसून रयतेत आहे. तरी खबरदारी म्हणून बॅटरी तज्ज्ञाकडून तपासून घेण्यास औरंगाबादला न्यावी. ती मोटारीतूनच न्यावी. रस्ता लांबचा असल्यानं ढकलणारे वाढवावेत.

साहेबांना उशीर झाला होता. हात पाठीमागून पुढे घेण्याचा हुकूम झाला आणि मोटार निघाली.

रायभान वस्तीवर गेला तेव्हा मेंढ्यांभोवतीचं जाळं एका बाजूनं फाटलेलं होतं. रात्री जन्मलेली दोन्ही कोकरं गेली होती आणि मेंढी ओरडत फिरत होती. कडूबाई काठी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या हाताला रक्त होतं.

"आज तं ढकलायचं नव्हतं ना?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मंग कुठी व्हते?"

रायभानला उत्तर ठाऊक होतं, पण ते बायकोला सांगता येईल असं नव्हतं. त्यानं जाळं बांधायला घेतलं.

ही हकीकत मी आजवर अनेक सुशिक्षित माणसांना सांगितली. सगळे मनापासून हसतात आणि शेवटी एकच विचारतात: मग बॅटरी बदलली का? कडूबाईच्या हाताला काय झालं हे अजून कोणी विचारलेलं नाही. आपणही बॅटरीचंच विचारणार होता. तेव्हा संकोच करू नये, आपली जागा आत, साहेबांच्या शेजारी आहे. दार भुजंग उघडून देईल.