उघड्या जीपमधील ध्वनिव्यवस्थेचे पर्जन्यापासून संरक्षण

कोणत्याही समाजाची प्रगती तो पावसात आधी काय झाकतो यावरून मोजावी. या कसोटीवर आर्णी तालुक्यातलं आमचं गाव गेल्या वर्षी बरंच पुढं गेलं.

इंद्रजितनं बिनछताची जीप घेतली. छत नसण्याचे फायदे उघड आहेत: ऊन लागतं, धूळ बसते आणि चालवणारा सगळ्यांना दिसतो. (पहिले दोन तिसऱ्यासाठी सोसायचे असतात.) मात्र नुसतं दिसून भागत नाही, ऐकूही जावं लागतं. सबब सहा स्पीकर बसवण्याचं ठरलं. मागचं बाक काढून तिथं रांजणाएवढा वूफर ठेवण्यात आला. त्यामुळे जीपमध्ये मावणारी माणसं सातावरून दोनवर आली. पण आवाज तीन गावांत पोचू लागल्यानं एकूण लाभार्थी वाढलेच.

आर्णीचा पूनमसिंग मिस्त्री हा या विद्येतला अधिकारी माणूस. त्याच्या मते स्पीकरचे शत्रू चार: ऊन, पाणी, धूळ आणि मालकाचे मेहुणे. पहिल्या तिघांवर इलाज असतो. त्यानं जाळ्यांमागे प्लास्टिक ताणलं. डब्यांना तळाशी भोकं पाडली (आतलं पाणी बाहेर जावं म्हणून) आणि मग ती बुजवली (बाहेरचं आत येऊ नये म्हणून). तारांच्या जोडांवर सिलिकॉन भरलं. उरलेलं वाया कशाला घालवा, म्हणून आवाजाच्या बटणावरही थापलं. बटण तेव्हा शेवटच्या आकड्यावर होतं. ते आजही तिथंच आहे.

राहिले रेनकोट. प्रत्येक स्पीकरला मापाचा हवा, कापड जाड हवं. तसली नवीकोरी ताडपत्री घरचीच निघाली. ती इंद्रजितच्या आईची, भागीरथाबाईंची. तीन एकरांतलं सोयाबीन कापून त्यांनी शेतात गंजी लावली होती आणि थ्रेशरची पाळी यायला चार दिवस होते. सोयाबीनही बाजारात न्यायचं नव्हतं. पंधरा वर्षं निवडून राखलेलं ते घरचं बियाणं. पेरणीच्या वेळी अर्धं गाव त्यांच्याच दारात मागायला उभं राही. त्या गंजीवरची ताडपत्री सात तुकड्यांत कापली गेली. शिलाई मात्र दुहेरी होती, हे कबूल केलं पाहिजे.

भागीरथाबाईंनी चौकशी केली. इंद्रजितनं शांतपणे समजावलं, "कायले घाबरतं आई? आभाळ कोरडं हाय. आन् स्पीकर एकदा गेला तं गेला. सोयाबीन तं दरसालीच होते."

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. भागीरथाबाई खताची रिकामी पोती घेऊन शेतात धावल्या. मागोमाग इंद्रजितही जीप घेऊन पोचला. प्रत्यक्ष पावसात चाचणी घेण्याची अशी संधी पुन्हा कधी यायची? बाई गंजीवरून ओरडून काहीतरी सांगत होत्या. बहुधा पोत्याचं एक टोक धर म्हणत असाव्यात. सहा स्पीकर आणि एका वूफरपुढे ते ऐकू येणं शक्य नव्हतं. त्या हातवारे करू लागल्या. आईला गाणं आवडलं असं समजून इंद्रजितनं अंगठा दाखवला.

पाऊस पावणेदोन तास झाला. गावकऱ्यांच्या पाहणीचा निष्कर्ष असा: स्पीकर, सहापैकी सहा चालू. वूफर, आत थेंबही नाही. गंजी, पाचव्या दिवशी शेंगांतून कोंब. म्हणजे बियाण्याच्या उगवणशक्तीबद्दल आता कोणाला शंका नाही. ते फक्त आठ महिने आधी उगवलं.

भागीरथाबाईंनी एक कोंब आलेली शेंग इंद्रजितच्या तळहातावर ठेवली. "हे ठेव तुह्या डब्यात. तिथं वलं नाही होत म्हनतेत."

ही हकीकत आजवर एकोणीस जणांना सांगून झाली. पेरणीला बियाण्याचं काय केलं, हे एकानं विचारलं. अठरांनी पूनमसिंगचा नंबर मागितला. तो शेवटी दिला असेल या आशेनंच तुम्हीही इथवर वाचत आलात, हे मला ठाऊक आहे. दुकान बसस्टँडसमोर आहे. रविवारी बंद असतं. ताडपत्री आपापली न्यावी.