रंग म्हणजे बर्फ

हिराकाकी आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा तिने दारात चपला काढल्या, आत आली आणि कोणाशी एक शब्द न बोलता आमच्या कपड्यांच्या कपाटात डोकं घातलं. दोनदा खोल श्वास घेतला. मग डोकं बाहेर काढून माझ्या बायकोला म्हणाली, "बाय, भिंत ओली हाय तुझी. साड्या दुसरीकडे ठेव." आम्ही डहाणूला नुकतेच राहायला आलो होतो. ही आपली शेजारीण, हे आम्हाला त्यानंतर कळलं.

काकीने उभा जन्म मासे विकले. पापलेट घेताना आपण कल्ला उचलून बघतो ना, तसं तिला कोणतंही घर उचलून बघावंसं वाटायचं. ताजा रंग दिलेली भिंत दिसली की तिला संशय यायचाच. "रंग म्हणजे बर्फ," ती म्हणायची. "मासळी ताजी असली तर एवढा बर्फ कशाला?" मग कनवटीचं नाणं काढून ती भिंत आणि लाद्या वाजवत सुटायची. कुठे पोकळ आवाज आला की तिचा चेहरा असा उजळायचा की घरमालकाला चहा विचारायचंसुद्धा सुचू नये.

तिचं निदान दर वेळी खरं ठरायचं असंही नाही. आमच्या कपाटातला वास ओलीचा नव्हताच, माझ्या जुन्या रेनकोटाचा होता. पण हे तिला सांगायची कोणाची छाती? एका वास्तुशांतीला तिने बाथरूमचा उतार बघायला बादलीभर पाणी ओतलं. उतार उलटा निघाला. पाणी उंबरा ओलांडून बाहेर आलं आणि गुरुजींच्या पाटाखालून रांगोळी घेऊन गेलं. यजमान लालबुंद झाले. काकी म्हणाली, "आज कळलं ते बरं झालं." तेव्हापासून वास्तुशांतीला काकीला बोलवावं की नाही, यावरून आमच्या गल्लीत नवरा-बायकोची भांडणं व्हायची.

सगळ्या गल्लीत तिने न तपासलेलं घर एकच होतं, तिचं स्वतःचं. खाऱ्या हवेने स्लॅबच्या सळ्या गंजल्या होत्या, भिंतीचं प्लास्टर फुगून पोट काढून बसलं होतं. त्यावर तिने मोठं कॅलेंडर लावलं होतं. वर्ष संपलं की नवं कॅलेंडर त्याच खिळ्याला.

तिचा मुलगा प्रकाश बायको-मुलीसह तिच्याच घरात राहायचा आणि बोईसरला कारखान्यात कामाला जायचा. २०१५ च्या सुमारास त्याने पालघरला घर घ्यायचं मनात आणलं. काकी नाही म्हणाली नाही. "माझ्या नजरेखालून घाल, मग घे," एवढंच म्हणाली. आणि कागद वाचायला एक माणूस हवा म्हणून दर खेपेला मला बरोबर न्यायची.

मग काय, एकामागून एक घरं नापास होत गेली. कुठे दार आपोआप मिटायचं, कुठे खिडकीचा कट्टा आत कललेला. एका इमारतीचा खांब तिला एक डोळा मिटल्यावर वाकडा दिसला. दोन्ही डोळ्यांनी तो सरळ होता. प्रकाश आईसमोर कधी बोलायचा नाही. सून रेश्मा माझ्याकडे बघायची आणि मी कागदात बघायचो.

एकदा मात्र एक घर असं मिळालं की त्यात खोट सापडेना. काकीने वास घेतला, नाणं वाजवलं, पाणी ओतलं. पाणी शहाण्यासारखं सरळ जाळीत गेलं. काकी लादीवर बसली. नातीला, परीला, जवळ ओढून तिचे केस नीट करत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हवा खारी नाय इथली. पोरीला भूक लागायची नाय."

तेही घर नापास झालं. येताना काकी इतकी खुशीत होती की तिने सगळ्यांना उसाचा रस पाजला. त्या रसाची आठवण झाली की आता वाईट वाटतं.

२०१८ च्या हिवाळ्यात तलासरीकडे जमीन हलायला लागली. तिकडच्या पाड्यांवर लोक थंडीत घराबाहेर झोपू लागले. डहाणूत मांडणीवरची भांडी वाजायची आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. एका दुपारी जरा मोठा धक्का बसला आणि काकीच्या घरातलं ते कॅलेंडर मागच्या प्लास्टरसकट खाली आलं. खाली परीची अभ्यासाची जागा होती. पोर तेवढ्यात पाणी प्यायला उठली होती.

मी धावत गेलो. परी आईच्या कुशीत होती. पाटीवर, वह्यांवर प्लास्टरचे तुकडे पडले होते आणि काकी नाणं घेऊन स्वतःची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत होती. सगळीकडून पोकळ आवाज येत होता. तिचा चेहरा उजळला नाही.

"येत्या रविवारी पालघरला जाऊ," ती प्रकाशला म्हणाली. "मी इथेच राहीन. बाहेर पडवीत झोपेन. पडलाच तर पत्रा पडेल."

ते चांगलं घर केव्हाच विकलं गेलं होतं. भाव चढले होते. प्रकाशला झेपेल असं एकच उरलं होतं, तळमजल्यावरचं, आणि तेही बघायला दुसरे लोक येणार होते. भिंतींना झगझगीत पिवळा रंग. आता बर्फाचं वाक्य येणार म्हणून मी वाट बघत राहिलो. काकी घरातून एकदा फिरली, आतल्या खोलीच्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. तिथून हलली नाही.

"आई, बाथरूम बघता ना?" रेश्माने विचारलं.

"बघितली."

नाणं निघालं नाही. बादली मागितली नाही.

"मग?" प्रकाशने विचारलं.

"घे. काय दोष नाय."

स्टेशनवर ती माझ्यापुढे चालत होती. तिच्या पदराला पाठीवर मोठा ओला डाग होता आणि त्याला पिवळ्या रंगाचे पोपडे चिकटले होते. बाकावर बसल्यावर मी हळूच म्हटलं, "काकी, ती भिंत..."

"ओलीनं घर अंगावर पडत नाय, भाऊ," ती म्हणाली. "आधीचं घर चांगलं होतं. मीच नासवलं."

पुढच्या पावसाळ्यात मी तिच्या पडवीत बसलो होतो. ती सुके बोंबील निवडत होती, एवढ्यात प्रकाशचा फोन आला. तिचे हात भरलेले, म्हणून मी फोन स्पीकरवर लावून तिच्यापुढे धरला.

"आई, आतली अख्खी भिंत गळतेय," प्रकाश चिडला होता. "सगळ्या गावाच्या घरातली खोट दिसते तुला. आमचीच भिंत दिसली नाही?"

काकीने हातातला बोंबील खाली ठेवला.

"नाय दिसली रे. म्हातारी झाली मी. डोळे गेले आता."

पलीकडे तो काहीतरी पुटपुटला. फोन बंद करायला मी बोट पुढे केलं, तेवढ्यात ती घाईघाईने फोनवर वाकली.

"खिडकीकडची भिंत कोरडी हाय," ती म्हणाली. "परीला तिकडे झोपव."