दसऱ्याचा नारळ आणि अठ्ठ्याहत्तरची अमेरिकन

गाड्यांच्या बाबतीत अख्ख्या मस्कतमध्ये माझा शब्द शेवटचा! असं सगळे म्हणतात. म्हणजे मी म्हणतो आणि सगळे गप्प बसतात. एकूण एकच! अर्बाबच्या स्पेअर पार्ट्सच्या कंपनीत मी इतकी वर्षं मॅनेजर आहे आणि इतकी वर्षं एकच सांगत आलोय, की बाबांनो, गाडी असावी तर सत्तरच्या दशकातली, आणि तीही अमेरिकन! आताच्या गाड्या म्हणजे वेफर्सची पाकिटं! तेव्हाचं लोखंड बघा! धडक बसली तर भिंत पडेल, गाडी नुसती शिंकेल!

"तुम्ही कधी बसलायत का हो तसल्या गाडीत?" आमची श्यामला विचारते.

हा प्रश्नच गैरलागू आहे. अठ्ठ्याहत्तर साली मी सांगलीत तिसरीत होतो आणि आमच्या घरी वाहन म्हणजे वडिलांची सायकल. पण चंद्राचा अभ्यास करायला चंद्रावर जावं लागतं का?

तर एके दिवशी अर्बाबनी, म्हणजे आमच्या मालकांनी, अम्मारसाहेबांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस सोन्यासारखा, पण चेहरा पडलेला.

अडचण त्यांच्या वडिलांची होती. शरीफबाबा, वय चौऱ्याऐंशी, रुस्ताकला खजुराच्या बागेत राहतात. त्यांनी अठ्ठ्याहत्तर साली एक लांबलचक अमेरिकन गाडी घेतली होती. पुढे ती बागेत बकऱ्यांचं निवासस्थान झाली. अर्बाबनी ती गुपचूप मस्कतला आणवली. पत्रा ठोकला, रंग मारला, नव्या गाद्या घातल्या आणि वडिलांसमोर नेऊन उभी केली. सरप्राइज!

शरीफबाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. दार अलगद उघडलं, अलगद लावलं. आणि म्हणाले, "ही माझी नाही. माझी तू विकून खाल्लीस."

झालं! तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद.

"कृष्णा, दो महिना हो गया," अर्बाब म्हणाले. "फोन नहीं लेता. मैं खाना खाने जाता है, तो वो मेरे को पीठ दिखाके बैठता है." एवढा पन्नाशीचा माणूस, डोळ्यांत पाणी! मलाच कसंतरी झालं.

"अर्बाब, मैं हूं ना!" मी छाती पुढे काढली. "शनिवारी तुम्ही पुढे जा. गाडी मी घेऊन येतो आणि एकेक पार्ट दाखवून बाबांना पटवतो. खलास!"

"एक खरोंच नहीं आना चाहिए, कृष्णा. ये लास्ट चान्स है."

"खरोंच? या लोखंडाला?" मी हसलो.

आता गंमत बघा, शनिवारी नेमका दसरा! साडेतीन मुहूर्तांपैकी एक! एवढ्या मोठ्या कामाला निघालेली गाडी आणि पूजेशिवाय हलवायची? आपल्यात चालत नाही. सकाळी अझैबाच्या आमच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये मी गाडीला झेंडूचा हार घातला, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. श्यामलेनं नवी पैठणी नेसून ओवाळलं. मीही नव्या झब्ब्यात होतो. अकरावीतली आमची इरा मोबाइलवर शूटिंग करत होती. मी नारळ उचलला.

"अहो, जमिनीवर फोडा," श्यामला म्हणाली.

"गाडीचा नारळ गाडीवर! अमेरिकन बंपर आहे हा. बघच तू!"

आणि मी गणपतीबाप्पाचं नाव घेऊन दाणकन हाणला.

नारळाला काहीही झालं नाही. बंपर पडला!

अर्धवट नाही, अख्खा! या टोकापासून त्या टोकापर्यंत, नंबरप्लेटसकट, खणखणत माझ्या पायापाशी!

"बाबा, तो तर, like, तुटला," इरा म्हणाली.

"तुटला नाही, निखळला!" मी म्हटलं. वाकून बघितलं तर बंपर धरून ठेवणारे नट जुनेच, गंजून पापड झालेले. वर रंग मात्र नवीन! अर्बाब तिकडे पोचलेसुद्धा असणार. गॅरेज शोधत बसायला वेळ नव्हता. म्हटलं, तिथे जाऊन चिकटवू काहीतरी.

बंपर डिकीत मावेना. शेवटी एक टोक मागे इराच्या शेजारी आणि दुसरं श्यामलेच्या खिडकीतून बाहेर, असं ठरलं. त्यासाठी मी तिच्या खिडकीची काच खाली केली. काच गेली ती गेलीच! दाराच्या पोटात टण्ण आवाज झाला आणि विषय संपला. नंबरप्लेट काढून मी श्यामलेच्या हातात दिली. ती बिचारी आरतीच्या ताटासारखी प्लेट पुढे धरून बसली.

"एसी तरी लावा," ती म्हणाली. नवरात्र संपलं म्हणून इथलं ऊन थोडंच संपतं!

मी एसीचं बटण दाबलं. हीटर सुरू झाला. बंद करायला गेलो, तर बटण हातात आलं.

"ही तुमची सत्तरच्या दशकातली का?"

मी रस्त्यावर नजर रोखली. ड्रायव्हिंग करताना बोलू नये.

हायवेवर सरळ रस्ता होता तोवर भाजून निघण्यापलीकडे त्रास नव्हता. मग आलं पहिलं राउंडअबाउट. मी स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि गाडीनं एकदम भोंगा काढला! पॅंऽऽऽऽ! मी हॉर्नला हात लावला नव्हता हो! स्टिअरिंग डावीकडे गेलं की हॉर्न वाजतो, उजवीकडे आणलं की बंद. आणि इथे गाड्या चालतात रस्त्याच्या उजव्या बाजूनं, त्यामुळे राउंडअबाउटला गोल फिरायचं म्हणजे स्टिअरिंग डावीकडे धरूनच! त्या आवाजानं मी इतका गांगरलो की बाहेर पडायचा रस्ता चुकला. दुसरी फेरी. पॅंऽऽऽऽ! पुन्हा चुकला. तिसरी फेरी!

तिसऱ्या फेरीला पोलिसानं हात केला.

संपलं! बंपर नाही, नंबरप्लेट बायकोच्या मांडीवर, काच गायब, भर रस्त्यात भोंगा! आता गाडी जप्त, मी आत आणि अर्बाबचा लास्ट चान्स खड्ड्यात! पोलीस आला, वाकला. गाडीवरचा हार बघितला, माझा झब्बा बघितला, श्यामलेची पैठणी आणि गजरा बघितला. आणि एकदम बत्तिशी दाखवून म्हणाला, "शादी? मब्रूक! मब्रूक!"

"नो, नो, हम तो..." मी सुरुवात केली.

"हो म्हणा!" श्यामला दातांतल्या दातांत पुटपुटली.

"यस," मी म्हणालो.

"इस उमर में? वेरी गुड!" त्यानं माझा हात हातात घेऊन दाबला. मागे इरा हसून हसून बंपरवर आडवी झाली होती. त्यानं प्लेट पुढच्या काचेपाशी उभी ठेवायला लावली, हळू जायला सांगितलं आणि आमच्यासाठी बाकीच्या गाड्या थांबवल्या.

तिथेच घात झाला. थांबलेल्या गाड्यांनी ऐकलं, की लग्न आहे! इथे वरातीला हॉर्न वाजवत मागे जायची हौस दांडगी. एक मागे लागली. पुढच्या राउंडअबाउटला आम्ही पॅं केलं, त्यांनी पॅंपॅं केलं, आणखी दोन जोडल्या. कोणीतरी श्यामलेच्या खिडकीतून हलव्याचा डबा आत दिला. ती नव्या नवरीसारखी लाजून "शुक्रन, शुक्रन" म्हणत होती. माझ्याशी मात्र एक अक्षर नाही!

रुस्ताक जवळ आलं तशी मी गाडी आणखी हळू केली. काय तोंड दाखवू अर्बाबना? एक ओरखडा नको म्हणाला होता माणूस! इथे ओरखडा सोडून बाकी सगळं झालं होतं. नोकरी गेली तर जाऊ दे, पण माझ्या फुशारकीपायी बापलेक कायमचे तुटले तर? देवाशप्पथ सांगतो, त्या हीटरमध्येही मला थंडी वाजली.

बागेच्या फाटकाशी डावीकडे वळायचं होतं. पॅंऽऽऽऽऽ!

अर्बाब पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात धावत बाहेर आले आणि गाडी बघून तेवढेच पांढरे पडले. "कृष्णा!" एवढंच म्हणाले. मागची वरात फाटकातच टाळ्या वाजवत होती. मी घाईघाईनं उतरायला गेलो. दार उघडेना! खेचलं, ढकललं, खांद्यानं रेटलं. ढिम्म!

तेवढ्यात घरातून आरोळी आली. शरीफबाबा! काठी टेकत, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, येतायत ते पळतच! मी डोळे मिटले. म्हातारा आता मारतो!

काठी खरंच उगारली. पण खटाक खटाक असे दोन तडाखे बसले ते दाराच्या हँडलखाली. आणि दार उघडलं! मी भप्पकन त्यांच्या पायांवर पडलो. दसऱ्याचा नमस्कार परस्पर झाला.

"मेरा गाडी!" शरीफबाबा ओरडले. मत्रहच्या बाजारात आपल्या व्यापाऱ्यांशी सौदे करून शिकलेली हिंदी त्यांची. "ये मेरा गाडी है! किधर था इतना दिन?" त्यांनी हरवलेल्या काचेची खाच चाचपली, हीटरपुढे हात धरला, बंपरचं टोक कुरवाळलं. एखादी म्हैस बाजारातून परत आल्यावर शेतकरी हात फिरवतो ना, तसं!

मग ते अर्बाबकडे वळले.

"गाढवा," ते अरबीत म्हणाले, "उभा काय राहिलास? बस. चालव."

अर्बाब माझ्याकडे बघून रडत हसले. "कृष्णा, सुना? मेरे को गधा बोला! मेरे से बात किया!"

मीही डोळे पुसले. खोटं कशाला सांगू!

"और ये कौन है?" शरीफबाबांनी काठीचं टोक माझ्या छातीवर टेकवलं.

"गाडी का एक्स्पर्ट है, बाबा."

"एक्स्पर्ट?" त्यांनी मला खालवर न्याहाळलं. "हॉर्न बजता है, तो हाथ ऊपर करके सलाम नहीं करता? अरे, आदमी समझता है मैंने उसको बुलाया! ये पूरा रुस्ताक मेरे को ऐसे ही पहचानता है!"

अर्बाब स्टिअरिंगवर बसले. शरीफबाबा शेजारी. अडचण नको म्हणून त्यांनी बंपर खेचून बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. गाडी डावीकडे वळली, भोंगा वाजला आणि म्हाताऱ्याचा हात त्या बिनकाचेच्या खिडकीतून डौलात वर गेला. मागून वरातही गेली.

फाटकात उरलो आम्ही तिघं. मी बंपर छातीशी धरून उभा. तासभर तरी ते परतणार नव्हते.

श्यामलेनं शांतपणे मोबाइल काढला, माझा फोटो टिपला आणि बिल्डिंगमधल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "दसऱ्याच्या मुहूर्तावर ह्यांनी नवी गाडी घेतली. उरलेली मागाहून येते आहे."