खूण पटली की माल दिला

सुनेच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे जुन्या कोटाची गुंडी ओढून काढण्यातला प्रकार होता. ओढून ओढून आपलंच बोट दुखायचं, गुंडी जागची हलायची नाही. जिजींची तिच्याबद्दल दुसरी कसलीही तक्रार नव्हती. कामाला चोख, हात स्वच्छ, उलट उत्तर नाही. पण उलट नाही म्हणजे सुलटही नाही, हे काय वागणं झालं? मुलगा नोकरीपायी दूर गावी, घरात या दोघीच. एक सकाळपासून बोलते आणि दुसरी ऐकते. ऐकते की नाही, तेही जिजींना खात्रीनं सांगता आलं नसतं.

सहा महिन्यांपूर्वी ही मुलगी नकाशाच्या कचेरीतून घरी आली ती रेनकोटात एक कुत्रा गुंडाळून. चहाचा डाग पडून वाळावा तसा रंग, वाकडी शेपटी, एका कानाला खाच. "आता इथेच राहणार," एवढं बोलून ती हातपाय धुवायला गेली. पुढे काही सांगेल म्हणून जिजी थांबल्या. तिनं सांगितलं नाही आणि जिजींनी विचारलं नाही. सुनेला प्रश्न विचारायचा म्हणजे आपल्याला ठाऊक नाही अशी कबुली देणं, आणि असली कबुली जिजींनी नवऱ्याच्या हयातीत त्यालाही कधी दिली नव्हती. कुत्र्याला त्या "ए" म्हणत. त्याच्याकडे फारसं बघतही नसत. तो मात्र रोज दुपारी त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून झोपे, आणि पायाला मुंग्या आल्या तरी जिजी पाय काढून घेत नसत. हे कुणी बघत नव्हतं म्हणून ठीक होतं.

जिजींचं धुलाई-इस्त्रीचं दुकान होतं. शाळा दुसरीतच सुटलेली, त्यामुळे पावती वगैरे भानगड नव्हती. कॉलरच्या आत दोरा. लाल दोन टाके म्हणजे औषधवाला, निळा एक म्हणजे रस्त्यावरच्या बाकावर पेपर वाचत बसणारे पेन्शनर आजोबा, आणि खाली पांढरी गाठ असली की धुऊन झालंय, पुन्हा पाण्यात घालू नका. कपडा न्यायला आलेल्यानं खुणा सांगायच्या. खूण पटली की माल दिला, हा तिथला कायदा. तीस वर्षांत एक सदरा चुकीच्या घरी गेला नव्हता. आणि दुकानाच्या फळीमागे उभं राहून जिजी "माहीत नाही" असं एकदाही म्हणाल्या नव्हत्या. ज्याला माहीत नाही त्याच्या हातात लोक आपली अब्रू धुवायला कशाला देतील?

मग सुनेला मोजणीच्या कामासाठी पंधरा दिवस बाहेर जावं लागलं. जाताना तिनं कुत्र्याची दोरी जिजींच्या हातात दिली. "सकाळ-संध्याकाळ फिरवायचं. सांभाळा हं, आई," ती म्हणाली. तिच्या मानानं हे भाषणच होतं. शिवाय तिचे डोळे जरा ओले दिसले, आणि तिथेच जिजी अडकल्या.

पहिल्याच सकाळी कोपऱ्यावर औषधवाल्यानं शटर अर्धं वर करून विचारलं, "जिजी, कुठल्या जातीचा हा?"

जिजींनी कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्यानंही मोठ्या उत्सुकतेनं जिजींकडे पाहिलं.

"डोंगरी," जिजी म्हणाल्या. "फार थोडे उरलेत."

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. तीस वर्षं ज्या गिऱ्हाइकांना जिजींनी हा डाग कसला, हे बटण कुणी तोडलं, नवऱ्याचे सदरे हल्ली का येत नाहीत असं विचारून घाम फोडला होता, ती सगळी जणू कुत्र्याच्या निमित्तानं वचपा काढायला रस्त्यावर आली. जिजींना नावानंही न ओळखणारी माणसं आडवी येऊन विचारू लागली. पांढरं, कापसासारखं कुत्रं फिरवणाऱ्या बाईंनी वय विचारलं. जिजींच्या डोक्यात सात सदऱ्यांचं गाठोडं होतं, त्यांनी सात सांगितलं. बाकावरच्या पेन्शनरांनी पेपर खाली करून कानाच्या खाचेची चौकशी केली, तेव्हा चोर पकडताना चोरानं सुरा चालवला असं निघालं. शेपटी दाराच्या फटीत सापडली होती, आणि ते दार मोठ्या घरचं होतं. खायला काय देता, असं कुणी विचारलं तेव्हा नेमकी भाजीची गाडी समोरून चालली होती, म्हणून काकडी. नाव विचारलं तेव्हा काहीच समोरून चाललं नव्हतं. जिजींनी आपल्या तोऱ्याला शोभेलसं "सरदार" सांगून टाकलं.

"एवढा सरदार, आणि खांबाशी पाय वर करत नाही?" पेन्शनरांनी बारकाईनं बघत विचारलं.

"आमच्याकडे दुसऱ्याच्या भिंती खराब करायची रीत नाही," जिजी म्हणाल्या, आणि पेन्शनर ओशाळून पेपरात शिरले.

एका टवाळानं विचारलं, आजी, शेपूट नळीत घालून बघितलं का? आधी तुझी जीभ घालून बघ, असं म्हणून जिजी पुढे निघाल्या. असल्यांचं काही वाटत नव्हतं. खरी अडचण निराळीच होती. खोटं बोलणं सोपं, पण रोज तेच खोटं बोलायचं म्हणजे डोकं लागतं. चौथ्या दिवशी शेपटी चोरानं कापायला घेतली आणि कान दारात सापडला. औषधवाला म्हणाला, "जिजी, परवा उलटं सांगितलं होतंत."

घरी येऊन जिजींनी आपल्या धंद्यातला उपाय काढला. दोरीला मुठीजवळ दोरे बांधले. लाल म्हणजे चोर नि कान, काळा म्हणजे दार नि शेपटी, हिरवा म्हणजे काकडी, निळ्याला सात गाठी म्हणजे वय. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गोंधळ. सकाळच्या धुरकट उजेडात काळा आणि निळा सारखेच दिसत. वय विचारणाऱ्या बाईंना जिजींनी "दाराच्या फटीत" असं उत्तर दिलं, आणि बाई बराच वेळ विचार करत उभ्या राहिल्या. त्यातून लोक दोऱ्यांबद्दलच विचारू लागले. हे कशाचे? डॉक्टरांनी सांगितलेत. कुठल्या डॉक्टरांनी? त्याला एक नवा दोरा लागला, पिवळा.

दहाव्या दिवसापर्यंत जिजींच्या डोक्यात असा गुंता झाला की कधी कधी दुपारी त्या पायांवरच्या हनुवटीकडे बघत आणि त्यांना वाटे, कोण जाणे, पकडलाही असेल यानं चोर.

चौदाव्या दिवशी सकाळी दुकानात इस्त्री तापत होती, कुत्रा खिळ्याला बांधलेला होता, तेवढ्यात मागच्या गल्लीतला छत्रीवाला आला. छत्र्या दुरुस्त करणारा, सरळ, गरीब माणूस. वर्षापूर्वी त्याचा कुत्रा हरवला होता, आणि अजून तो जाता-येता लोकांच्या दारांमागे डोकावत असे. त्याच्या हातात एक जुना चामडी पट्टा होता. मागे औषधवाला, पेन्शनर आणि कापूसवाल्या बाई. औषधवाल्याचा चेहरा पुण्य केल्यासारखा उजळला होता, कारण बातमी त्यानंच पोचवली होती.

"जिजी," छत्रीवाला म्हणाला, "रागावू नका. पण हा माझा असावा."

"कशावरून?"

"रंग हाच. कान फाटका." त्यानं कुत्र्याच्या कानाकडे बोट केलं. "वय सात. शेपटी दारात सापडलेली. आणि काकडी खायचा."

जिजींच्या हातातली इस्त्री एका सदऱ्यावर जरा जास्तच थांबली. वास आल्यावर त्यांनी ती उचलली. हा माणूस त्यांचंच खोटं, त्यांनाच, घडीसुद्धा न मोडता परत देत होता. सगळं झूठ आहे असं म्हणावं, तर चौदा दिवस अख्ख्या रस्त्याला आपण बनवलं हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आणि न म्हणावं, तर सुनेनं ओल्या डोळ्यांनी हातात दिलेला जीव हा माणूस घेऊन जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"काकडी काय, कुठलाही कुत्रा खाईल," त्या म्हणाल्या.

"आमचा नाही खात," कापूसवाल्या बाई म्हणाल्या.

छत्रीवाल्यानं खिशातून काकडीचा तुकडा काढला. कुत्र्यानं जन्मात काकडी पाहिली नसावी. त्यानं हुंगलं, जिजींकडे एकदा बघितलं आणि कराकरा खाऊन टाकलं.

"पटली खूण," औषधवाला म्हणाला. "जिजी, कायदा तुमचाच आहे."

जिजींनी छत्रीवाल्याकडे नीट पाहिलं. हा माणूस लबाड नाही, हे त्यांना दिसत होतं. दहा पांढऱ्या सदऱ्यांतला आपला कुठला हे न ओळखता, भलत्याच सदऱ्यावर हात ठेवून "हाच माझा" म्हणणारी माणसं त्यांनी तीस वर्षं पाहिली होती. ती खोटं बोलत नसत. त्यांना आपला सदरा परत हवा असे, एवढंच. त्यांनी दोरी खिळ्यावरून काढली. लाल, काळा, हिरवा, निळा, पिवळा, सगळे दोरे मुठीत आले. हात पुढे गेला, पण मूठ काही उघडेना. छत्रीवाला वाट बघत राहिला. कुत्रा दुसरा तुकडा मिळतो का ते बघत राहिला.

आणि एवढ्यात पायरीवर सून उभी. एक दिवस आधीच आलेली, खांद्याला पिशवी, बुटांना माती. कुत्र्यानं जिजींच्या हाताला असा हिसडा दिला की उघडत नव्हती ती मूठ आपोआप उघडली, आणि तो सुनेच्या अंगावर जाऊन पडला.

औषधवाल्यानं तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. चोर, सुरा, मोठ्या घरचं दार, डोंगर, काकडी. सून ऐकत होती. मध्ये एकदा तिनं जिजींकडे पाहिलं. जिजी जळका सदरा उलटा करून कॉलर तपासत होत्या. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

मग सून बोलली. त्या घरात आल्यापासून ती एका दमात इतकं कधीच बोलली नव्हती.

"ही कुत्री आहे. वय तीन. शेपटी जन्मापासून अशीच, अनाथ जनावरांच्या घरातून आणली तेव्हा कागदावर तसं लिहिलं होतं. कान कुणी फाडलेला नाही. पिल्लं होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया झाली की डॉक्टर अशी खाच करतात. म्हणजे काम झालंय, पुन्हा धरून नेऊ नका."

पेन्शनरांनी वाकून खात्री करून घेतली आणि त्यांना खांबाचा उलगडा झाला. बाकीच्यांची नजर चुकवून जिजींनी त्या खाचेकडे पाहिलं. पांढरी गाठ. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कॉलरी वाचणाऱ्या बाईच्या पायांवर सहा महिने एक खूण हनुवटी टेकून झोपत होती आणि तिला ती वाचता आली नव्हती.

"मग तो चोर?" औषधवाल्यानं विचारलं.

जिजींनी तोंड उघडलं, पण छत्रीवालाच मधे बोलला. तो पट्टा हाताभोवती गुंडाळत होता.

"आमचा कुत्राच होता. एक खांब सोडायचा नाही," तो म्हणाला. "आणि वय मला तरी कुठे आठवत होतं? तुम्ही सात म्हणालात, मी सात म्हणालो. काकडी म्हणालात, मला वाटलं, खातही असेल." त्यानं पट्ट्याचं टोक आत खोचलं. "नाव विचारलं तर सरदार म्हणालात. तेवढं मात्र माझ्याच्यानं म्हणवेना. त्याचं नाव वेगळं होतं."

औषधवाल्याला दुकान उघडं टाकल्याची आठवण झाली, कापूसवाल्या बाईंना दुधाची. पेन्शनर त्यांच्या मागून गेले. छत्रीवाला तेवढा राहिला. खाली बसून त्यानं कुत्रीच्या कपाळावर हात फिरवला आणि वर बघत विचारलं, "मग हिचं खरं नाव काय, जिजी?"

जिजींचा हात सवयीनं दोऱ्यांकडे गेला. दोरी सुनेच्या हातात होती.

"माहीत नाही," जिजी म्हणाल्या.

फळीमागून हे शब्द पहिल्यांदाच बाहेर पडले होते. छत्रीवाल्याला त्याचं काहीच वाटलं नाही. त्यानं मान हलवली, संध्याकाळी हिला बघायला आलो तर चालेल का असं विचारलं, आणि जिजी "या" म्हणाल्यावर पट्टा खिशात घालून निघून गेला.

जिजींनी इस्त्री बंद केली. जळका सदरा बाजूला ठेवला. तो पेन्शनरांचा होता, त्याचं पुढे बघता आलं असतं.

"सहा महिने," त्या सुनेला म्हणाल्या. "सहा महिने मी हिला 'तो' म्हणत होते. तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

सुनेनं खाली बघत दोरीवरच्या निळ्या गाठी चाचपल्या. एक, दोन, अशा सातही मोजल्या.

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत, आई."

कुत्री आली, तिनं दोघींच्या पायांचा अंदाज घेतला आणि हनुवटी जिजींच्या पायांवर टेकली. जिजींनी पाय काढला नाही. या खेपेला कुणीतरी बघत होतं, तरीही.

"विचारायला रस्ताभर परके पडलेत, सूनबाई," जिजी म्हणाल्या. "घरच्या माणसाला विचारायला लावायचं नसतं, आपण होऊन सांगायचं असतं. हे तुला कळलं नाही, ही तुझी चूक. आता ते स्टूल ओढ, बस इथे, आणि हिच्या नावापासून सुरुवात कर."