व्याह्यांचं घड्याळ आणि ‘नंतर’चं बटण

मिनिटरावांना भीती कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, असं ते स्वतःच सांगायचे. घड्याळदुरुस्तीत उभा जन्म गेलेला. कुणी बंद घड्याळ आणून समोर ठेवलं की ते न बघताच म्हणत, “एका मिनिटाचं काम आहे.” त्यावरूनच हे नाव पडलं. ते मिनिट पुढे चांगलं आठवडाभर चालायचं, पण घड्याळही चालायचं, त्यामुळे कुणी तक्रार करत नसे.

घोटाळा झाला तो हे वाक्य ते व्याह्यांच्या घरी, जेवता जेवता बोलून गेले म्हणून. व्याही म्हणजे लेकीचे सासरे. निवृत्त मुख्याध्यापक. हा माणूस आजही समोर आला की समोरच्याचा हात नकळत शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो. त्यांच्या बैठकीच्या खोलीत आजोबांच्या वेळचं ठोक्यांचं घड्याळ होतं. त्याला चावी द्यायची ती व्याह्यांनीच, इतरांनी फक्त वेळ बघायची, असा त्या घरचा कायदा. ते घड्याळ बंद पडलं होतं. मिनिटराव जे बोलायचं ते बोलले, आणि हात धुवून येईपर्यंत घड्याळ चादरीत गुंडाळून तयार! रविवारी न्यायला येतो, असं व्याह्यांनी गृहपाठ द्यावा तसं सांगितलं.

आता आतली गोष्ट. गेल्या वर्षभरात मिनिटरावांचं काहीतरी बिनसलं होतं. हात अजून पक्के होते, नजरही होती, पण घड्याळ उघडून ठेवलं आणि मध्ये चहाला उठलं, की परत आल्यावर कुठलं चक्र कुठून काढलं हेच आठवेना. पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला होता. कुणाला बोलले नाहीत. बायकोलाही नाही. ज्या माणसाने आयुष्यभर “डोळे मिटून जोडतो” म्हणून मिशीवर ताव मारला, त्याने आता काय सांगायचं?

त्यावर त्यांनी एक युक्ती काढली होती. एकेक भाग काढायचा आणि लगेच फोनवर फोटो घ्यायचा. जोडताना शेवटच्या फोटोपासून मागे मागे यायचं. एका डोळ्यात भिंग, डाव्या हातात चिमटा, उजव्या हाताने फोन घड्याळावर धरायचा आणि कडेचं बटण दाबायचं. भिंगामुळे फोनचा पडदा नुसता धुरकट दिसे, पण ‘खटक’ आवाज आला की फोटो निघाला म्हणायचं. दोन-तीन गजरांच्या घड्याळांवर युक्ती साधली होती. व्याह्यांचं घड्याळही त्यांनी तसंच उघडलं. सगळे भाग धुतले, पुसले, आणि बशाबशांतून जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवले. आता बायको आणि ते स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या उभ्या जेवत होते.

जोडायला बसायचं म्हणून त्यांनी फोन हातात घेतला, तर पडद्यावर पाटी आली. महत्त्वाचा सुरक्षा अपडेट उपलब्ध आहे. खाली दोन बटणं: ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. तिसरं ‘मला घाबरवू नका’ असं बटण खरं तर हवं होतं, ते कुठेच नव्हतं. मिनिटरावांनी ‘नंतर’ दाबलं. पाटी गेली आणि थोड्या वेळाने परत आली.

फोन जुना होता. लेकीने वापरून टाकलेला, काचेला आरपार तडा, आणि जरा जास्त बोललं की इस्त्रीसारखा तापायचा. मिनिटराव उठून शेजारच्या चष्मेवाल्याकडे गेले. हा चष्मेवाला कुठल्याही विषयात आधी वाईट बातमी सांगणारा. त्याने फोन उलटसुलट केला, जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं आणि आपल्या साडूची हकिगत सांगितली. साडूचाही असाच जुना फोन. त्यानेही असंच ‘आत्ता’ दाबलं. फोन जो काळा पडला तो पडलाच. आता साडू तो कागदांवर ठेवतो, पंख्याने उडू नयेत म्हणून. मिनिटरावांच्या डोळ्यांसमोर ते सगळे फोटो काळ्या दगडात गडप झाले आणि टेबलावर उरल्या नुसत्या बशा.

मग त्यांनी जावयाला फोन करून विचारलं. जावई एका कचेरीत कॉम्प्युटरचं बघायचा. तो म्हणाला की अपडेट न करता फोन वापरणं म्हणजे घराला दार असून कडी न लावणं. चोर येतात, आतलं सगळं नेतात, जाताना पुसूनही टाकतात. म्हणजे अपडेट केला तर फोटो जाणार आणि नाही केला तरी जाणार!

जावई तसा भला. त्याने उपायही सांगितला. “बाबा, मी येतो, तुमचे सगळे फोटो आधी माझ्या कॉम्प्युटरवर घेतो. मग बिनधास्त अपडेट करा.”

इथे मिनिटरावांचं धाबं दणाणलं. जावई म्हणजे व्याह्यांचाच मुलगा. वडिलांच्या घड्याळाचं एकेक हाड सुटं झालेलं त्याने बघितलं की संध्याकाळच्या आत तिकडे बातमी जाणार. सासऱ्यांना आता घड्याळ जोडायला फोटो लागतात! त्यांच्या तोंडून निघून गेलं, “नको, नको. त्यात जरा खाजगी आहे.”

मग जावई अगदी हळू आवाजात बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी नवीन पाटी आली. फोन चार्जिंगला असताना अपडेट आपोआप होईल. आपोआप! मिनिटरावांनी विंचू दिसल्यासारखी चार्जरची वायर उपटली. पण त्या फोनची बॅटरीही त्याच्यासारखीच म्हातारी. चार्ज करावा तर अपडेट होणार, न करावा तर फोन डोळ्यांदेखत मरणार. शेवटी त्यांनी तो बंदच करून टाकला, जुन्या मफलरमध्ये गुंडाळला आणि कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवला. फोटो एकदा उघडून बघावेत असं दहादा मनात आलं, पण चालू केला की पहिली पाटीच येईल आणि चुकून भलतंच बटण दाबलं जाईल, या धास्तीने त्यांची छाती होईना.

फोन बंद, त्यामुळे लेकीचे फोन लागेनात. तिने आईच्या साध्या फोनवर विचारलं, बाबा बरे आहेत ना? आई म्हणाली, बरे कसले, जेवत नाहीत, दचकतात, आणि तास-तासाला कपाट उघडून स्वेटर चाचपतात. लेक जरा घुटमळली. मग तिने नवऱ्याकडून ऐकलेला तो ‘खाजगी’ शब्द आईच्या कानावर घातला.

मिनिटरावांची बायको तशी थंड डोक्याची. संसारात कधी संशयाचं नाव नाही. पण त्या दिवशी तिने ओट्याशी नवऱ्याला वाढताना सहज विचारलं, फोनमध्ये असं काय आहे? मिनिटरावांच्या हातातला घास तसाच राहिला. काही नाही म्हणाले, आणि त्या ‘काही नाही’ने सगळं वाटोळं झालं. तिने पातेल्यावर झाकण आदळलं. मिनिटराव आता झाकणाच्या आवाजालाही घाबरू लागले.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात जावई, आणि त्याच्या मागे साक्षात व्याही! एक दिवस आधी! मिनिटरावांच्या तोंडचं पाणी पळालं. टेबलावर बशा तशाच मांडलेल्या. पण नवल म्हणजे, व्याह्यांनी बशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते खुर्ची ओढून समोर बसले, मुलाला आत पाठवलं आणि घसा खाकरला.

“व्याहीबुवा, मी सगळं ऐकलंय. आता मला सरळ सांगा, हे कधीपासून चाललंय?”

संपलं. कळलं यांना. कसं ते देव जाणे. मिनिटरावांनी मान खाली घातली. “वर्ष होत आलं.”

आतून एक पातेलं पडल्याचा आवाज आला.

“विहीणबाईंना कल्पना आहे?”

“नाही सांगितलं. उगाच घाबरेल.”

“या वयात, व्याहीबुवा?”

“या वयातच होतं हो हे,” मिनिटराव काकुळतीने म्हणाले. “हळूहळू सुरू होतं. आधी नावं विसरायला लागलो...”

“नावं?” व्याह्यांचा चष्मा नाकावरून घसरला. “म्हणजे एकाहून जास्त?”

मिनिटराव तोंड उघडणार तोच बायको बाहेर आली, मागोमाग जावई. बायकोच्या हातात मफलर होता. तिने तो उलगडला, फोन जावयाच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली की जे काय आहे ते आता सगळ्यांसमोर उघडू दे. जावयाने चार्जर लावला, फोन चालू केला. पहिली आली ती पाटीच. तो सासूकडे बघू लागला.

“ते पण करून टाका एकदाचं,” ती म्हणाली.

मिनिटराव ओरडले, खुर्चीवरून उठले, बशा हिंदकळल्या. तोवर जावयाचं बोट ‘आत्ता’वर टेकलं होतं. पडद्यावर एक पांढरी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. मध्येच थांबली. पुन्हा सरकली. फोन इतका तापला की जावयाने त्याखाली रुमाल घातला. आणि मग पडदा काळा पडला.

काळाच राहिला. मिनिटरावांना साडूचे कागद दिसू लागले, पंखा दिसू लागला. ते मुलासारखे रडकुंडीला आले.

“गेलं. तुमच्या आजोबांचं घड्याळ गेलं हो. त्यात फोटो होते. कुठला भाग कुठला, ते आता माझ्या लक्षात राहत नाही. फोटो बघून जोडतो मी. आता नाही जोडता येणार मला. कधीच नाही.”

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. “म्हणजे बाई नाही?”

“कसली बाई?”

ती एकदम खाली बसली. हसावं की रडावं ते तिला कळेना, मग तिने दोन्ही केलं, आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, “वर्षभर एकटे घाबरत बसलात. मला सांगितलं असतं तर दोघं मिळून घाबरलो असतो ना!”

तेवढ्यात फोन उजळला. जिवंत! पाटी नाही, काही नाही, आणि फोटो सगळेच्या सगळे जागच्या जागी. मिनिटरावांनी जावयाला मिठी मारायची तेवढी ठेवली. जावयाने पहिला फोटो उघडला, मग दुसरा, मग तिसरा, आणि मग सासऱ्यांकडे न बघता फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

फोटोत घड्याळ नव्हतं. मिनिटराव होते. प्रत्येक फोटोत नुसतं त्यांचं तोंड, खालून घेतलेलं, डोळ्यात भिंग, नाकपुड्या बोगद्याएवढ्या. लेकीशी व्हिडिओवर समोरासमोर बोलताना फोनचा कॅमेरा त्यांच्याकडे वळला होता, तो पुन्हा फिरवायचा राहिला होता. ज्यांच्यासाठी जेवण तुटलं, संसार डळमळला, ते हे! मिनिटरावांना वाटलं, त्यापेक्षा फोनचा दगड झाला असता तर बरं होतं. निदान आशा तरी राहिली असती.

बायको मात्र एकेक फोटो पुढे सरकवत होती. आयुष्यभर ती त्यांच्या समोर बसून भाजी निवडत आली होती, ते घड्याळं उघडत असताना. ती एका फोटोवर थांबली. “हे ठोक्याच्या हातोडीचं तोंड. हातोडी काढताना तुम्ही असाच डावा गाल फुगवता.”

मिनिटरावांनी पाहिलं. नकळत त्यांनी डावा गाल फुगवला, आणि त्यांचा हात आपोआप तिसऱ्या बशीकडे गेला. हातोडीच होती ती. त्यांच्या अंगावर काटा आला.

मग तसंच सुरू झालं. शेवटच्या फोटोपासून उलटं. ती तोंड ओळखायची, ते तोंड करायचे, आणि तोंड जमलं की हाताला आठवायचं. ओठांचा चंबू म्हणजे बारीक चक्र. भुवई वर म्हणजे लंबकाची पट्टी. एका ठिकाणी हात अडला तेव्हा व्याही चष्मा सावरत म्हणाले की भुवई आणखी वर घ्या, फोटोत बरीच वर आहे. मोठी स्प्रिंग आली तेव्हा मिनिटरावांना जीभ पूर्ण बाहेर काढून, डोळा मिटून, मान तिरकी करून बसावं लागलं, आणि समोर मुख्याध्यापक एकटक बघत होते.

दिवेलागणीला घड्याळ टिकटिकलं आणि ठोके पडले. व्याह्यांनी खिशातला रुमाल काढून नाक शिंकरलं. जाताना त्यांनी मुलाकडून त्यातला एक फोटो मागून घेतला. शाळेतली शिस्त. पुढे कधी उघडायची वेळ आली तर हाताशी असावा म्हणून त्यांनी तो मोठा छापून घड्याळाच्या दाराच्या आतल्या बाजूला डकवला आहे. चावी देण्यासाठी दार उघडलं की मिनिटराव जीभ बाहेर काढून बघत असतात. व्याही चावी स्वतःच देतात, आणि घरात पाहुणे आले असले की हटकून तेव्हाच देतात.