दायित्व विमा आणि आमच्या ताईचं स्टूल

चूक होणं हा मनुष्यस्वभाव आहे. ती कबूल करणं हा मात्र शुद्ध गाढवपणा आहे, हे सत्य जगाला विमा कंपन्यांनी समजावून सांगितलं. आपल्यामुळे एखाद्या तिऱ्हाइताला इजा झाली, तर भरपाई आपल्या वतीने कंपनी देते. (देते, असं छापलेलं असतं.) यालाच दायित्व विमा म्हणतात. बदल्यात अट एकच: कंपनीच्या परवानगीशिवाय ‘माझं चुकलं’ म्हणायचं नाही.

माझे मेहुणे, म्हणजे ताईचे यजमान, सुतार आहेत. त्यांच्या खुर्चीवरून एक गिऱ्हाईक पडलं, तेव्हा त्यांनी हा विमा काढला आणि माणूस सुधारला. पूर्वी ते ‘आणा, ठोकून देतो’ म्हणायचे. आता ‘आपण पडलात हे ऐकून आनंद वा दुःख झालेलं नाही’ असं म्हणतात. दुरुस्तीही बंद केली, कारण दुरुस्ती म्हणजे मोडल्याची कबुलीच. तेव्हापासून दुकानातल्या चुका शून्यावर आल्या आहेत. पडणाऱ्यांची संख्या पूर्वीइतकीच आहे.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा एक पाय लटपटत होता. ताई रोज सांगायची. मेहुण्यांनी दूरदृष्टीने त्याला हात लावला नाही. वरच्या फळीवरचा डबा काढताना ताई पडली, पाय मुरगळला. मेहुणे धावत आले (धावणं कबुलीत मोडत नाही, हे त्यांनी मागाहून विचारून घेतलं) आणि म्हणाले, “घटनेची नोंद घेतली आहे.”

ताई लंगडत आमच्याकडे आली. तेव्हापासून माझ्या पलंगावर ती आणि बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मी. तिला औषधाचा खर्च नको, नवं स्टूल नको. एकदा ‘चुकलं’ म्हणू देत, लगेच जाते, एवढंच तिचं म्हणणं.

मेहुण्यांनी रीतसर परवानगी मागितली. कंपनीचा तपासनीस आला, स्टुलावर चढला आणि पडला. (त्याचाही विमा होता. त्यामुळे दोघांनीही घटनेची फक्त नोंद घेतली.) यथावकाश निर्णय आला: पत्नी ही तिऱ्हाईत नव्हे, तिची इजा विम्यात बसत नाही, सबब तिची माफी मागण्यास कंपनीची हरकत नाही.

“मी परकी नाही, हे कुणाला तरी कळलं म्हणायचं,” असं म्हणून ताईने डोळे पुसले. मलाही भरून आलं. पलंग परत मिळणार होता.

संध्याकाळी मेहुणे इस्त्रीचा शर्ट घालून आले. पलंगासमोर उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विमा गेल्या वर्षीचा, लग्न त्याच्या कितीतरी आधीचं. पण ‘चुकलं’ हा शब्द त्यांच्या तोंडून कुणीच कधी ऐकला नव्हता.

“कंपनीची हरकत नाही,” मेहुणे शेवटी म्हणाले.

“आणि तुमची?” ताईने विचारलं.

ते छताचं लाकूड तपासू लागले. मग मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, की बायकोला तिऱ्हाईत करून घेता येतं का. मी कंपनीत चौकशी केली. येतं म्हणाले, कोर्टाचा एक कागद लागतो, त्यानंतर संपूर्ण संरक्षण.

ताई अजून माझ्याच पलंगावर आहे. तुम्हाला हसू येतंय, साहजिक आहे. हसून झालं की आपल्या घरी शेवटचं ‘माझं चुकलं’ कधी म्हणालात, तेवढं आठवून बघा. आमच्या मेहुण्यांकडे निदान पॉलिसी तरी आहे.